राहेलची डबल बेल

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, नवी स्मरणिका निघते आहे. आताचा सेक्रेटरी वयानं लहान, पण चटपटीत. घरी येऊन म्हणाला, "काका, जुन्या आठवणी लिहून द्या, दोन पानं." मी म्हटलं, दोन पानांत भागायचं नाही, मला एक अख्खं माणूस लिहायचं आहे. तो हसून बरं म्हणाला आणि गेला. तेव्हापासून मी लिहीतच सुटलो आहे. चहा गार होतो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसानं इतकं उतावीळ होऊ नये, पण झालोय खरा. कारण मागच्या स्मरणिकेत मी एक खोटं छापलं होतं आणि ते दुरुस्त करायची संधी मला आज पहिल्यांदा मिळते आहे.

मी तेव्हा लिहिलं होतं: "दिवसाच्या कॅरोलची अभिनव कल्पना तत्कालीन कमिटीनं राबवली." तत्कालीन कमिटीचा सेक्रेटरी मी होतो. कल्पना माझी नव्हती, कमिटीची तर नव्हतीच. ती राहेल सोनकांबळेची होती आणि ती तिला सुचली, कारण मी तिचं घर यादीतून खोडलं होतं.

हे मंडळीबाहेरची माणसंही वाचतील, म्हणून आधी कॅरोल म्हणजे काय ते सांगतो. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मंडळीतली गाणारी माणसं ढोलकी, खंजिरी, पेटी घेऊन दिवेलागणीनंतर घरोघर जातात. ज्या त्या घरावर कागदाचा तारा टांगलेला असतो, आत दिवा. यादीवाला माणूस दारापुढं उभा राहून मोठ्यानं पुकारतो, अमुक अमुक यांचं कुटुंब. कुटुंबप्रमुख दार उघडतो. एक गीत होतं, प्रार्थना होते, हातावर करंजी पडते आणि टोळी पुढच्या घराला लागते. ज्या घरी कॅरोल आली ते घर मंडळीचं, इतका सरळ त्याचा अर्थ आहे. नांदेडात आमच्या मंडळीचा यादीवाला माणूस बावीस वर्षं मी होतो.

आता राहेल.

ती एसटीत कंडक्टर होती. नांदेड डेपो, बहुतेक लातूरची गाडी, कधी देगलूर, कधी उमरी. मूळची लातूरकडची. उंचीनं बेताची, पण आवाज भरल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. चर्चमध्येही ती तोच आवाज वापरायची, कारण तिच्याकडं दुसरा नव्हता. रविवारी ड्युटी असली की खाकी कपड्यांतच उपासनेला यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची, म्हणजे गाडीच्या वेळेला उठून जाता येईल. उशिरा येऊन दारात घुटमळणारांना मान न वळवता सांगायची, "पुढं सरका, पुढं समदं मोकळं हाय." प्रार्थना चालू असली तरी. पाळकसाहेबांचे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचे, डोळे मिटलेले असायचे, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसायचं.

प्रवचनाला ती गाडीचं माप लावायची. आटोपशीर झालं तर म्हणायची, आज एक्सप्रेस होती. लांबलं की बाहेर चपला घालता घालता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आज पाळकसाहेबांनी लोहा, अहमदपूर, चाकूर, समदीकडं थांबा घेतला." अंतरं ती एसटीच्या भाड्याच्या टप्प्यांत मोजायची. बाजार तिच्या घरापासून अर्धा टप्पा, चर्च पाऊण टप्पा. राग आला की बोलत नसे. हातातला तिकिटाचा पंच नुसताच वाजवायची, कट् कट् कट्. दोन्ही मुलींना तो आवाज लांबूनच कळायचा आणि पुस्तकं उघडायची.

नाताळच्या दिवशी तिला ड्युटी लागली की आमच्या बायका हळहळायच्या. ती म्हणायची, "मेंढपाळ कुटं सुट्टीवर व्हते? ड्युटीवर व्हते म्हणून तर येशू जन्मल्याचं त्यांना आधी कळलं." आणि गाडी धरायला निघून जायची.

तिचं लग्न मी जमवलं होतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा ते इथं सरळच असू द्या. नवरा माझ्याच ऑफिसातला, पाटबंधारे खात्यात माझ्या हाताखालचा. दिसायला नीटस, अक्षर सुरेख. अक्षरावरून मी माणूस जोखला. थोरली करुणा दहा वर्षांची आणि धाकटी शालोम, जिला सगळे शालू म्हणत, सहा वर्षांची असताना तो कामासाठी म्हणून हैदराबादला गेला तो परतलाच नाही. तिथं त्यानं दुसरं घर मांडल्याचं वर्षभरानं कळलं. राहेल रडली असेल तर कुणाला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गाडीवर होती.

मंडळीत मात्र लोक मला विचारू लागले. तुम्हीच आणलं होतं ना ते स्थळ? प्रत्येक वेळी माझे कान गरम व्हायचे. अशात डिसेंबर आला आणि मी कॅरोलची यादी करायला बसलो. यादी कुटुंबांच्या नोंदवहीवरून व्हायची. तिच्यात पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचा. सोनकांबळे कुटुंबाच्या ओळीवर मी थांबलो. त्या नावाकडं बघवेना. मग मी लाल शाईनं ती अख्खी ओळ खोडली आणि राहेलचं व दोन्ही मुलींचं नाव 'निराधार भगिनी' या यादीत उतरवलं. कमिटीत कुणीतरी दबकत विचारलं, तर मी म्हटलं, प्रथाच तशी आहे, घरी दार उघडायला पुरुष माणूस नको का, शिवाय संध्याकाळी इतक्या गड्यांनी एकट्या बाईच्या दारात जाणं बरं दिसत नाही. अशी कुठलीही प्रथा नव्हती. मी ती त्या बैठकीत, चहा येईपर्यंतच्या वेळात बनवली.

निराधार यादीत नाव म्हणजे नाताळला एक साडी आणि किलोभर साखर. कॅरोल नाही.

त्या वर्षी आमची टोळी तिच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ढोलकीवाल्यानं सवयीनं पाय आत वळवला. मी म्हटलं, ते घर यादीत नाही. तो थबकला. मीही थबकलो. गल्लीच्या टोकाला तिचा तारा लावलेला होता, निळ्या कागदाचा, दिवा पेटलेला. दार अर्धं उघडं होतं. मग मी पुढं झालो आणि सगळे माझ्या मागं आले. पुढच्या घरी आम्ही जरा जोरातच गायलो.

नाताळच्या उपासनेनंतर साड्या वाटल्या. मी नावं वाचत होतो. राहेल ड्युटीवर होती, म्हणून तिच्या नावाला अकरा वर्षांची करुणा उठून पुढं आली, दोन्ही हातांत साडी आणि साखर घेतली, मला सलाम केला आणि जागेवर जाऊन बसली. तिचं तोंड मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहेल आमच्या घरी. खाकी कपडे, खांद्याला बॅग, हातात साडी. तोवर ती मला काका म्हणायची.

"सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, "ही साडी निराधार बाईची हाय म्हणं. त्या बाईचा पत्ता द्या. माझ्या गाडीच्या वाटंवर राहत असंल तर देऊन टाकते."

मी म्हटलं, राहेल, असं मनाला लावून घेऊ नको, ही मदत आहे, यादीचा नुसता प्रकार आहे.

"माझ्या घरात दोन पोरी हायत. त्या मला धरून हायत, मी त्यांना धरून हाय. तिघींत निराधार कोन ते तुम्ही बोट लावून दाखवा. मी उभं करते तिला तुमच्याम्होरं."

माझी बायको सुमन चहा घेऊन आली. राहेलनं तो उभ्या उभ्या संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि साडी खुर्चीवर ठेवून निघाली. दारातून वळून म्हणाली, "साखर न्हाई परत आणली. पोरींनी खाल्ली."

राहेल तारा लावून बसली होती आणि मी टोळी गल्लीच्या तोंडावरून वळवली, हे सुमनला तेव्हा माझ्याकडून कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही जमवलेलं लग्न मोडलं, म्हणून तिचं घरच खोडून टाकलंत."

ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. जानेवारीत घरभेटींना निघताना ते म्हणाले, पहिली भेट सोनकांबळे कुटुंबाची, आणि तुम्ही बरोबर या. ते 'कुटुंब' म्हणाले, हे मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दोन खोल्यांचं घर. आत शिरलो तर छताखालून एक दोरी गेलेली. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात सुरू होऊन, खिळ्यांवरून वळत ती बाहेरच्या खोलीत उतरली होती आणि टोकाला एसटीची घंटी, एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची, ती. भंगारात गेलेल्या गाडीची. राहेलनं ती भंगारवाल्याशी हुज्जत घालून मिळवली होती. दोरीचं दुसरं टोक मुद्दाम खाली, लहान मुलाच्या हाताला येईल इतकं आणून बांधलेलं.

पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणं विचारलं, प्रार्थनेला कोण सुरुवात करणार. राहेल म्हणाली, "कुटुंबप्रमुखाला विचारा." आणि शालूकडं बोट केलं. शालू सतरंजीवर मांडी घालून बसली होती, समोरचे दोन दात पडलेले.

मग राहेलनं सांगितलं. साडी घरात आली त्या संध्याकाळी करुणानं विचारलं होतं, आई, आपल्या घराला प्रमुख नसला म्हणून आपलं नाव गेलं का? राहेल म्हणाली, नसायला काय झालं, आत्ता नेमू. तिघींनी चिठ्ठ्या टाकल्या. तेव्हापासून रविवार ते शनिवार एकीची पाळी. ज्या आठवड्याचा जो प्रमुख, त्यानं जेवणाआधी प्रार्थना म्हणायची, भाजी कोणती ते ठरवायचं, भांडण झालं तर निकाल द्यायचा. पहिली भाकरी त्याच्या ताटात. आणि प्रार्थना झाली की दोरी ओढून डबल बेल द्यायची. डबल बेल पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, आईनंसुद्धा नाही.

"एकदा हिनं लई लांबलचक प्रार्थना केली," करुणा शालूकडं बघत म्हणाली. "आईनं मधीच सिंगल बेल मारली."

पाळकसाहेब हसायला लागले. मी मात्र नोंदवही मांडीवर घेऊन बसलो होतो. मी जरा कडक आवाजात म्हटलं, हा खेळ झाला, पण घराला कर्ता माणूस एकच असतो. शालूनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमच्या घरी कोन हाय प्रमुख?"

"मी."

"दर आठवड्याला तुमीच?"

"हो."

तिला खरंच वाईट वाटलं. "मग काकूंची पाळी कवा येते?"

पाळकसाहेबांना हसता हसता खोकला लागला, राहेल पाणी आणायला उठली आणि मला त्या घरात कुठं बघावं ते कळेना. मग शालूनं डोळे मिटून प्रार्थना केली. आईसाठी, ताईसाठी, गाडीसाठी, ड्रायव्हरमामांसाठी, पाळकसाहेबांच्या खोकल्यासाठी. शेवटी माझ्यासाठीही केली, की या काकांना एखादा आठवडा सुट्टी मिळू दे. आमेन. डबल बेल. आम्हाला गरम धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. भाजी का नाही, तर प्रमुखाला धपाटे आवडतात.

घरी येऊन मी हे सुमनला रागारागानं सांगितलं. वाटलं, तीही म्हणेल, काय ही पोरं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "बत्तीस वर्षं झाली. पोरीनं विचारलं ते काही चूक नाही विचारलं." त्या रात्री भाजी कोणती करू, हे तिनं मला पहिल्यांदाच विचारलं नाही.

आणि मग पुढचा नाताळ. हे लिहिताना माझा हात आत्ताही भराभरा चालतो आहे.

मी राहेलचं नाव नोंदवहीत परत घेतलं नव्हतं. पाळकसाहेबांनी दोनदा सुचवलं, मी दोनदा पुढं ढकललं. खोडलेलं परत लिहायचं तर का खोडलं हे सांगावं लागतं. डिसेंबर आला, यादी झाली, निराधार यादीही झाली. त्या यादीत राहेलखेरीज चार घरं होती, चारही विधवा बायांची. कुणी कधी तसं ठरवलं नव्हतं, पण त्या यादीतली नावं कुटुंबांच्या नोंदवहीत नसायची, म्हणून त्यांच्या दारातही वर्षानुवर्षं कॅरोल गेलेली नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. राहेलच्या आलं.

नाताळला दोन दिवस होते. भरदुपारची वेळ. मी घरी आतल्या खोलीत संध्याकाळच्या कॅरोलची यादी नीट उतरवून काढत होतो. सुमन ओट्यावर करंज्या लाटत होती. तेवढ्यात लांबून खंजिरी ऐकू आली. मला वाटलं, कुणाची वरात. मग गीत कळलं. आमचंच, जुनं मराठी गीत, पण चाल दुप्पट वेगाची, पळत्या गाडीसारखी. आणि त्या सगळ्यावर राहेलचा आवाज.

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. पुढं शालू, हातात निळ्या कागदाचा तारा काठीला बांधलेला, भर उन्हात. करुणाच्या हातात खंजिरी. मागं राहेल, आणि तिच्यामागं त्या चारही म्हाताऱ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, एकीच्या हातात काठी, दुसरीच्या हातात स्टीलचं ताट आणि ते ती चमच्यानं वाजवत होती. ज्या बायांच्या दारात कधी कॅरोल गेली नाही, त्याच कॅरोल झाल्या होत्या. वाटेतल्या किराणा दुकानदारानं, उदगीरकडच्या, गळ्यात लिंग असलेल्या एका साध्या लिंगायत माणसानं, मुलींच्या ओंजळीत खारका घातल्या होत्या. दोन्ही गालांत खारका घेऊन शालू गात होती.

आणि ते लोक आमच्या दारात थांबले.

मला कळेना, आमच्या का. मग कळलं. दरवर्षी मी यादीत माझं घर सगळ्यात शेवटी लिहायचो, आपलंच तर घर. तिथवर येईतो ढोलकीवाला दमलेला असायचा, मी म्हणायचो, राहू द्या आता. सुमननं दरवर्षी करंज्या केल्या, तारा लावला, आणि मी यादीवाला झाल्यापासून तिच्या दारात कॅरोल झाली नव्हती. माझ्या यादीनं वगळलेलं सहावं घर माझं होतं.

राहेलनं दारात उभं राहून पुकारा केला. "सुमनकाकूंचं कुटुंब." माझं नाव घेतलं नाही.

सुमन पिठाच्या हातानंच दारात गेली. राहेल म्हणाली, "काकू, आज तुमची पाळी. प्रार्थना तुमी करा." सुमननं प्रार्थना केली. चार वाक्यांची असेल. मग त्यांनी पुन्हा गीत धरलं आणि सुमनही गायला लागली. माझी बायको वरच्या पट्टीत इतकी मोकळी गाते, हे मला तिच्याबरोबर बत्तीस-तेहेतीस वर्षं काढून त्या दुपारी कळलं. मी तिथंच, खिडकीच्या आत उभा होतो. बाहेर जायला चार पावलं होती. मी गेलो नाही. यादी हातात घेऊन उभा राहिलो.

शेवटी शालू इकडंतिकडं बघून म्हणाली, "इथं घंटी न्हाई." सुमननं उलथणं घेतलं आणि तव्यावर दोनदा वाजवलं. टण् टण्. सगळ्या हसल्या आणि करंज्यांवर तुटून पडल्या.

पुढच्या वर्षी त्या दुपारच्या कॅरोलमध्ये वीस माणसं होती. लहान मुलं, गुडघे दुखणारी माणसं, ज्यांना संध्याकाळी बाहेर पडता येत नाही ती सगळी. त्याच्या पुढच्या वर्षी रात्रीच्यापेक्षा दिवसाची कॅरोल मोठी झाली. नाताळच्या सकाळी राहेलच्या घरी जाऊन सुशीला खायची, हाही रिवाज पडला. कांदा-मिरचीची फोडणी दिलेले भिजवलेले मुरमुरे. नाताळ आणि सुशीला यांचा काही संबंध नाही. एका वर्षी शालू प्रमुख होती, तिला सुशीला हवी होती, झालं. आज आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांत नाताळच्या सकाळी सुशीला असते आणि नव्या सुनांना वाटतं, ही फार जुनी चाल आहे.

मग स्मरणिका निघाली आणि मी ते वाक्य छापलं. छापून आलेली प्रत राहेलनं चर्चच्या पायरीवर उभं राहून वाचली. मी जवळच होतो. तिनं ती घडी करून बॅगेत ठेवली.

"झाक लिवलंय, सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली. "एक थांबा तेवढा ऱ्हायला."

त्यानंतर कधी तिनं विषय काढला नाही. काही वर्षांनी तिची लातूर डेपोला बदली झाली. करुणा शिकून किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका झाली, तिकडंच तिचं लग्न झालं. शालू लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. सुमनला जाऊन आता तीन वर्षं होतील. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती, राहेलचं तेवढं करा. काय करा, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

गेल्या नाताळला उपासनेनंतर माझं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, जुना सेक्रेटरी म्हणून काही सत्कार असेल. पुढं गेलो. एक शाल आणि किलोभर साखर. यादीचं नाव बदललेलं होतं, 'एकाकी ज्येष्ठ' असं काहीसं छान नाव. देणाऱ्या पोराच्या मनात प्रेमच होतं. मी दोन्ही हातांत ते घेतलं, सलाम केला आणि जागेवर येऊन बसलो, आणि मला अकरा वर्षांची करुणा आठवली. शाल मांडीवर होती आणि मला घाम फुटला होता.

यंदा मात्र मी थांबलो नाही. आताच्या सेक्रेटरीकडून जुनी नोंदवही मागून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी लातूरची पहिली गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक थांब्यावर माझं भाषण मी मनात घोकत होतो.

राहेल या वर्षीच निवृत्त झाली आहे. केस पांढरे, आवाज तोच. दार उघडून म्हणाली, "पुढं सरका, पुढं समदं मोकळं हाय." घरात शालू होती, किनवटहून करुणा आपल्या चार वर्षांच्या अनूला घेऊन आली होती. घंटी तीच. दोरी पुन्हा खाली उतरवलेली, नव्या गाठीनं लांब केलेली.

मी भाषण सुरू केलं. प्रथा नव्हती, मी बनवली, लग्न मी जमवलं होतं, लाज मला होती आणि खोडलं तुला. स्मरणिकेचंही सांगितलं. खिडकीच्या आत उभा होतो, तेही सांगितलं. कुणी मला थांबवलं नाही. बोलून झालं तेव्हा राहेल म्हणाली, "त्या संध्याकाळी मी खिडकीत व्हते. तुमी गल्लीच्या तोंडाला थांबलात, ते मी पाह्यलं. थांब्यावर मानूस थांबलेला दिसला की कंडक्टरला वाटतं, हा चढणार. चढला न्हाई. म्हणून दुसऱ्या वर्षी गाडीच तुमच्या दारात आणली. तरी न्हाई चढलात." तिनं हातातला लसूण बाजूला ठेवला. "लई वरसं लावलीत, काका."

काका. एकोणीस वर्षांनी.

मी नोंदवही उघडली, ती लाल ओळ तिला दाखवली आणि खालच्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवलं. सोनकांबळे कुटुंब, असं लिहिलं. मग कुटुंबप्रमुखाच्या रकान्याशी आलो आणि विचारलं, तुझं नाव पूर्ण कसं लिहू.

"तिथं पेन नका चालवू," राहेल म्हणाली. "शालू, काकांना पेन्सिल दे. दर रविवारी खोडावं लागतं ते."

त्या आठवड्यात अनूची पाळी होती. तेव्हा आमच्या मंडळीच्या नोंदवहीत आज सोनकांबळे कुटुंबाच्या प्रमुखाचं नाव पेन्सिलनं अनू असं आहे. नव्या सेक्रेटरीनं तो रकाना शाईनं पक्का करू नये, एवढी माझी विनंती आहे. अनूनं प्रार्थनेत फक्त आमेन म्हटलं आणि दोरी ओढली. आम्ही जेवलो. पहिली भाकरी तिची होती, दुसरी तिनं माझ्या ताटात टाकली.

परतीला राहेल मला स्टँडवर सोडायला आली. गाडी भरलेली. ती सवयीनं माझ्याआधी पायरीवर चढली, आत नजर टाकली आणि म्हणाली, "सरका पुढं, म्हाताऱ्या मानसाला बसू द्या." एक कॉलेजचा पोरगा उठला, मी खिडकीशी बसलो. ती खाली उतरली. मी खिडकीतून विचारलं, माझी पाळी कधी लागेल तुमच्याकडं?

"चार जणी हायत म्होरं. पाचवा नंबर तुमचा," ती म्हणाली. "पन रविवारी वेळंवर या."

आणि तिनं गाडीच्या पत्र्यावर तळहात दोनदा थापला. ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी काढली. गाडीचा खरा कंडक्टर तेव्हा टपरीवर चहाचा पेला हातात घेऊन उभा होता. तो पेला टाकून ओरडत गाडीमागं धावला, आतले प्रवासी हसत होते, मी मान बाहेर काढून बघत होतो, आणि स्टँडच्या मधोमध राहेल दोन्ही हात कमरेवर ठेवून खदखदून हसत होती.